सतरा हात

३ ऑगस्ट

प्रिय धाकट्या,

तुम्ही दोघं नवराबायको परत डोंगरावर गेलात त्याला आज पाच आठवडे झाले. तुझं पत्र नाही आणि मीही लिहिलं नाही. तुझ्या हवामान केंद्रावर फोन लागत नाही याचा मला पूर्वी राग यायचा. आता बरं वाटतं. फोनवर मला हे बोलता आलं नसतं.

वीस तारखेला नगरपालिकेची सभा आहे. विषय एकच. शाळेच्या बसच्या ड्रायव्हरच्या कुटुंबाला पालिकेच्या वसाहतीतल्या घरातून बाहेर काढायचं. बस नदीत कोसळून नऊ मुलं गेली आणि ड्रायव्हर तेवढा वाचला, हे लोकांना सहन होत नाही. तो दोन्ही पाय मोडून तुरुंगाच्या दवाखान्यात पडलाय, तिथे त्याला कुणी हात लावू शकत नाही, म्हणून सगळा राग त्याच्या घरावर निघतोय. त्याची म्हातारी आई, बायको आणि दोन मुली आहेत. किराणावाला त्यांना माल देत नाही. मुलींना शाळेने "काही दिवस पाठवू नका" म्हणून सांगितलं. दारावर रोज कुणी ना कुणी काळा रंग फासून जातं आणि म्हातारी रोज सकाळी तो खरवडत बसते.

काल आपले चष्मेवाले माझ्या दुकानात आले. नगराध्यक्ष झाले तरी गावाला ते चष्मेवालेच. शिवणयंत्रासमोरच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, हा ठराव तुम्हीच मांडा, तुमच्या घरातलं लेकरू गेलंय, तुमच्या तोंडून आला की विषयच संपला. मी म्हटलं, विचार करून सांगते. खरं तर विचार करण्यासारखं काही नव्हतं, फक्त त्यांनी स्टुलावरून उठावं असं वाटत होतं.

मी ठराव मांडणार नाही. त्याच्या बाजूने हातही वर करणार नाही. त्या माणसाचा गुन्हा काय आणि किती, ते कोर्ट ठरवेल. बापापायी पोरींना रस्त्यावर काढायचं, याला मी हो म्हणू शकत नाही. दुसऱ्या कुणाकडून कानावर यायच्या आधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं.

तिला सांभाळ. दोघं जेवत जा.

तुझी ताई


१२ ऑगस्ट

ताई,

पत्र गुरुवारच्या जीपने आलं. मी वाचलं. तिला वाचायला दिलं नाही.

इथे शाळा नाही, म्हणून पोरीला चार वर्षं तुझ्याकडे ठेवली. तू तिला आमच्यापेक्षा जास्त जपलंस, हे मी कुणापुढेही सांगेन. म्हणूनच हे पत्र मला समजत नाही.

त्या बाईच्या दोन मुली आहेत म्हणून तू लिहितेस. माझी एक होती. मला त्या मुलींचं वाईट करायचं नाही, पण त्यांनी त्या गावात राहू नये. मी जेव्हा कधी तिथे येईन तेव्हा त्या घरात दिवा दिसू नये, एवढंच मला हवंय. ही फार मोठी मागणी आहे असं मला वाटत नाही.

तू नगरसेविका आहेस हे ठीक. पण आधी ठकीची आत्या आहेस. सगळं गाव एका बाजूला आणि तू एकटी दुसऱ्या बाजूला, यात तुला काहीतरी मोठेपणा वाटत असेल तर तो माझ्या पोरीच्या जिवावर मिळवू नकोस. निदान त्या दिवशी सभेला जाऊ नकोस. आजारी पड. लोक पडतात.

ती जेवत नाही. खोटं कशाला लिहू.

धाकटा


२२ ऑगस्ट

प्रिय धाकट्या,

आजारी पडायचं माझ्याही मनात आलं होतं. सकाळी कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता.

सभागृह कधी नव्हे इतकं भरलं होतं. वरच्या गॅलरीत आईबाप बसले होते, मुलांचे फोटो छातीशी धरून. ठकीचाही फोटो होता. शाळेच्या स्नेहसंमेलनातला, कुणाकडे होता देव जाणे. बेकरीवाला सगळ्यांत पुढे होता. त्याचा मुलगा ठकीच्याच बाकावर बसायचा, तुला माहीत आहे. गेले दोन महिने तोच सगळ्यांना घेऊन फिरतोय.

चष्मेवाल्यांनी ठराव स्वतःच मांडला आणि हात वर करायला सांगितले. कागदांवर खुणा करणारे, झोपा काढणारे, एकमेकांचं तोंड न बघणारे, सगळ्यांचे हात एकदम वर गेले. माझा हात टेबलावर होता. मी तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला होता. मग चष्मेवाले म्हणाले, "ताई, तुमचा हात राहिला." मी म्हटलं, "राहिला नाही. मी विरोधात आहे." सोळा विरुद्ध एक.

गॅलरीतून एक चप्पल आली. मला लागली नाही, शेजारच्या सभासदाच्या पाण्याच्या पेल्यावर पडली. बाहेर पडताना एक आई माझ्या अंगावर थुंकली. मी तिच्या जागी असते तर काय केलं असतं, मला सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या दोन्ही काचा फुटलेल्या होत्या. दोघी शिवणाऱ्या बायका काम सोडून गेल्या, घरच्यांनी पाठवलं नाही म्हणाल्या. ज्यांचे कपडे माझ्याकडे शिवायला होते त्या एकेक करून आल्या आणि अर्धवट शिवलेले कपडे तसेच घेऊन गेल्या. एकीच्या ब्लाउजला एकच बाही लावून झाली होती, तोही नेला. मी म्हटलं, दुसरी तरी लावू दे. तिने तो पिशवीत कोंबला.

ठराव मंजूर झाला, पण गोष्ट तिथे संपत नाही. वसाहतीतलं घर रिकामं करायचा आदेश निवास समितीच्या अध्यक्षाच्या सहीने निघतो, आणि ती अध्यक्ष मी आहे. मी सही केलेली नाही. अठ्ठावीस सप्टेंबरच्या सभेत मला त्या जागेवरून काढायचा विषय येणार आहे. तोवर ते घर माझ्या सहीवाचून थांबलंय.

पुलावरून अजून वाहतूक चालू आहे. तुटलेल्या कठड्याच्या जागी दोरी बांधलीय.

रागाव, पण लिहीत जा.

ताई


२ सप्टेंबर

ताई,

गुरुवारी जीपमधून टपालाबरोबर नगराध्यक्ष स्वतः आले. एवढा डोंगर चढून, या वयात. स्वयंपाकघरात बसले, तिच्याशी अर्धा तास बोलले. दोन महिन्यांत आमच्या घरात बाहेरचं माणूस आलं नव्हतं. ती त्यांच्यासमोर पहिल्यांदा रडली.

त्यांनी एक पत्र टाइप करून आणलं होतं, सभेला उद्देशून, मुलीच्या बापाकडून. मी सही केली. अठ्ठावीसच्या सभेत ते वाचून दाखवतील. बाप स्वतः मागणी करतोय म्हटल्यावर तुझ्या एकटीच्या विरोधाला अर्थ उरणार नाही. तुला आधी कळवतोय, जसं तू मला कळवलंस.

आणखी एक. तुझी दोन्ही पत्रं मी शेजारी ठेवून वाचली. दुकानाच्या काचा, चप्पल, ब्लाउजची बाही, सगळं तपशिलाने लिहिलंयस. पुलाबद्दल दोन ओळी, तीही शेवटी, घाईघाईत. लहानपणी आईपासून काही लपवायचं असलं की तू असंच भरमसाट बोलायचीस, आणि मुख्य गोष्टीपाशी आलीस की आवाज खाली यायचा. माझं कामच आकड्यांमधला खड्डा शोधायचं आहे. तू काहीतरी लपवते आहेस.

काय ते सांग. नाहीतर सही करून मोकळी हो.

धाकटा


९ सप्टेंबर

प्रिय धाकट्या,

हो, लपवलं.

सहा फेब्रुवारीला पालिकेच्या अभियंत्याने सभेला पत्र दिलं होतं. नदीच्या पुलाच्या वळणावरच्या कठड्याचा पाया सुटलाय, धक्का लागला तर थांबवणार नाही, दुरुस्ती होईपर्यंत बस आणि ट्रक पुलावरून सोडू नका, असं त्यात होतं. एकोणीस फेब्रुवारीला ते सभेपुढे आलं, विषय क्रमांक अकरा. व्यापारी आधीच येऊन भेटून गेले होते. दुसऱ्या रस्त्याने अकरा किलोमीटरचा वळसा पडतो. शाळेनेही कळवलं होतं की मुलांना उशीर होईल. चष्मेवाले म्हणाले, अभियंते लोक भित्रे असतात, पाऊणशे वर्षं पूल उभा आहे. पूल चालू ठेवायच्या बाजूने हात वर करा.

सतरा हात वर झाले. सतरावा माझा.

ते पत्र विषयपत्रिकेला जोडलेलं होतं. मी वाचलं नव्हतं. पावणेपाच वाजले होते आणि पाच वाजता ठकीला दातांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. सगळ्यांचे हात वर गेलेले दिसले आणि माझाही गेला. एवढंच झालं. यापेक्षा मोठं कारण असतं तर मला बरं वाटलं असतं.

ड्रायव्हरने पोलिसांना सांगितलंय की पुढचा टायर फुटला, बस हळूच होती, कठड्याला नुसती टेकली आणि कठडा खाली गेला. त्याचं कुणी ऐकत नाही, कारण ते खरं धरलं तर पुढचा प्रश्न आमच्याकडे येतो. अपघातानंतर दहाव्या दिवशी मी इतिवृत्ताची फाइल मागवली. विषय क्रमांक अकराचं पान नव्याने टाइप केलेलं आहे. त्यात अभियंत्याच्या पत्राचा उल्लेखच नाही. अभियंत्याची बदली झाली. पण सभासदांना मिळालेल्या प्रती कुणी परत मागितल्या नव्हत्या. माझी प्रत माझ्याकडे आहे. बाकी सोळा जणांनी आपापल्या प्रतींचं काय केलं असेल ते तूच समज.

मला वाटलं होतं, त्या बाईला आणि पोरींना घराबाहेर काढू द्यायचं नाही, एवढं एक धरून बसले की पुरे होईल. लोक मला दगड मारतील आणि त्यातच माझं फिटेल. पुरे होत नाही. तुला सांगितलं नाही, कारण तू पुन्हा माझ्या दारात पाय ठेवणार नाहीस याची भीती वाटली. तू मला मोठेपणाची हाव आहे असं लिहिलंस तेव्हा मी रडले, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं. खरं कारण यापेक्षा कितीतरी वाईट होतं.

अठ्ठावीसला ते तुझं पत्र वाचतील. मी ऐकून घेईन. मग उभी राहून अभियंत्याचं पत्र वाचेन. वकिलाने सांगितलंय की मी स्वतःहून माझं नाव गुन्ह्यात घालते आहे. चालेल.

तिला हे सांगायचं की नाही, ते तू ठरव.

ताई


२१ सप्टेंबर

ताई,

तुझं पत्र मी बाहेर उपकरणांपाशी उभा राहून वाचलं. सकाळी नऊची नोंद राहून गेली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. तो रकाना तसाच कोरा सोडलाय. अंदाजाने भरला असता तर कुणाला कळलं नसतं.

माफी मागू नकोस. माझ्याकडे ती नाही. पुढे कधी असेल असं आज तरी वाटत नाही. फेब्रुवारीतल्या त्या दिवशी तू एक पान वाचलं असतंस तर, इथून पुढे माझं डोकं जात नाही.

पण दुसरीही गोष्ट आहे. नगराध्यक्षांनी त्यांच्या पत्राची कार्बन प्रत इथे ठेवली होती. तुझं पत्र वाचल्यावर ती काढली. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलंय, "सदर अपघात केवळ चालकाच्या बेपर्वाईमुळे झाला असून पुलाच्या स्थितीबाबत माझी कोणतीही तक्रार नाही." खाली माझी सही. ती रडत होती, ते पाणी मागत होते, कागद समोर होता, पेन हातात दिलं होतं. मी न वाचता सही केली. तुझ्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि समोर हे.

मी नवं पत्र लिहिलंय. आधीचं मागे घेतो, पुलाबाबत माझी तक्रार आहे, आणि माझ्या मुलीचं नाव घेऊन कुणालाही घराबाहेर काढू नये. एक प्रत नगराध्यक्षांना आणि एक आवक विभागाला, दोन्ही रजिस्टर्ड.

हे तुझ्यासाठी केलेलं नाही.

तिला सगळं सांगितलं. दोन दिवस झाले, बोललेली नाही.

धाकटा


१ ऑक्टोबर

प्रिय धाकट्या,

काय झालं ते क्रमाने लिहिते.

चष्मेवाल्यांनी सभा सुरू होताच तुझं जुनं पत्र वाचलं. आवाज छान लावला होता. गॅलरीत बायका रडत होत्या. मी उठून म्हटलं, बापाचं दुसरं पत्र आलेलं आहे. ते म्हणाले, घरगुती स्वरूपाचं आहे, सभेपुढे आणण्याची गरज नाही, आणि त्यांनी कोटाचा खिसा चाचपला. तेव्हा कोपऱ्यातल्या टेबलावरून आपला आवक कारकून उठला. म्हातारा, दोन महिन्यांत निवृत्त होणारा, सभेत कधी खोकलासुद्धा नसेल. म्हणाला, या पत्राला आवक क्रमांक पडलाय, क्रमांक पडलेला कागद सभेपुढे ठेवावा लागतो. कुणी परवानगी द्यायच्या आत त्याने वाचायलाही घेतलं. विषय क्रमांक अकराचं पान नव्याने टाइप करणारे हात त्याचेच. ते त्याने मला नंतर जिन्यात सांगितलं.

मग मी अभियंत्याचं पत्र वाचलं. मधे खूप आरडाओरडा झाला, माइक बंद केला, मी तशीच वाचत राहिले. संपलं तेव्हा बेकरीवाला गॅलरीतून खाली आला. शिपायांनी अडवलं नाही. माझ्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "तारीख पुन्हा वाचा." मी वाचली.

"त्या दिवशी तुम्ही हात वर केला होता?"

"हो."

मला वाटलं, आता मारेल. मी डोळे मिटले नाहीत. तो वळला आणि शेजारच्या सभासदाला विचारलं, "तुम्ही?" मग त्याच्या पलीकडच्याला, "तुम्ही?" असा टेबलाच्या कडेने तो एकेकापुढे थांबत गेला. तोच प्रश्न, तोच आवाज. दोघं हो म्हणाले. एकाने आठवत नाही म्हटलं. बाकीचे कागद चाळत राहिले. चष्मेवाल्यांपाशी पोचला तेव्हा ते खुर्ची सोडून उठले होते.

तरीही मतदान झालं. मला निवास समितीवरून काढलं, बारा विरुद्ध पाच. म्हणजे चार हात माझ्या बाजूने आले. पण माझ्या जागी बसायला आजवर कुणी तयार झालेलं नाही, कारण बसलं की त्या आदेशावर सही करावी लागेल. ते घर अजून तिथेच आहे. दारावर नवा रंग लागलेला नाही. मुली शाळेत गेलेल्या नाहीत. परवा पूल बंद झाला आणि वरून अधिकारी येऊन फाइली सील करून गेले. ड्रायव्हरची बायको मला रस्त्यात भेटली. आभार मानले नाहीत, तोंड फिरवून गेली. तिच्या नवऱ्याला लोक तीन महिने खुनी म्हणत असताना मी गप्प होते, हे तिलाही आता कळलंय.

मी काल पोलिसांत जबाब दिला. इतरांबरोबर माझ्यावरही खटला चालेल, असं वकील म्हणतो. राजीनामा द्यावा असं चष्मेवाल्यांच्या माणसांनी सुचवलं. मी देणार नाही. खटल्यात उभी राहीन ती नगरसेविका म्हणूनच, कारण हात वर केला तो नगरसेविका म्हणून.

दुकान उघडते. कुणी येत नाही.

तू माफ करावंस असं मी म्हणणार नाही. ती बोलली का, एवढं कळव.

ताई


१० ऑक्टोबर

वन्सं,

हे पत्र यांनी लिहिलेलं नाही, मी लिहितेय. माझं अक्षर तुमच्या ओळखीचं नसेल.

तुमची सगळी पत्रं मी मागून घेऊन वाचली. पहिल्या पत्रापासून. हे मला काही दाखवत नव्हते, मला त्रास होईल म्हणून. सगळेच मला त्रास होईल म्हणून काहीतरी करत होते. नगराध्यक्ष आले तेव्हा म्हणाले की तिला काही कळलंही नसेल, झोपेतच गेली असेल. सकाळी आठ वाजता कुणाचं लेकरू बसमध्ये झोपतं? पण मी तेव्हा मान हलवली, कारण ते इतक्या प्रेमाने म्हणाले. तुमच्या गावच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं, शाळेच्या बाईंनी आणखी वेगळं. यांनाही नीट माहीत नाही.

तुमच्यावर मला किती राग आहे ते लिहीत नाही. तुम्हाला माहीत असणार.

गुरुवारच्या जीपने मी एकटी खाली येतेय. हे इथेच थांबणार आहेत, मी आग्रह केला नाही. तुमच्याकडे उतरेन. ठकीची खोली आवरली नसेल तर आवरू नका, मी आवरेन.

त्या सकाळी ती उठल्यापासून बसमध्ये चढेपर्यंत काय काय झालं, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. काय खाल्लं, कशावरून भांडली, कुठला फ्रॉक हवा होता, आमच्याबद्दल काही बोलली का, जाताना तुमच्याकडे वळून बघितलं का. नऊ जणांच्या बातमीत ते कुठेच नाही. ते सगळं तुम्ही मला सांगा. जे वाईट असेल तेही. गोड करून नको.

आता मी ते तुमच्याकडूनच ऐकू शकते.

तुमची भावजय